फौजदारणीचं शेवटचं रीळ

(लातूर. मुलींच्या कराटे वर्गाचा हॉल, दुपारचे तीन. एका भिंतीला पांढरी चादर ताणलेली. महामाया, तिची आई धुरपताबाई आणि आत्ताच जिना चढून आलेले म्हातारे दगडोबा.)

महामाया: चहा राहू द्या काका. आधी या मोबाइलमध्ये बघा. ही कोण?

दगडोबा: कोन म्हंजे? आपली फौजदारीन! अगं माय, पंचवीस वर्सांच्या वर झाले हिचं तोंड बघून. बघ बघ, ही टोपी, ही ऐट. कुठं गावली तुला?

महामाया: देगलूरची बुद्धप्रिया आहे ना माझ्या क्लासला, तिला तेलुगू येतं. धावत्या मालगाडीवरची उडी आणि म्हशींच्या कळपातला पाठलाग, एवढंच मी सांगितलं. तिनं पाच मिनिटांत हुडकून काढला. अख्खा सिनेमा आहे.

दगडोबा: अख्खा?

महामाया: दोन तास एक्केचाळीस मिनिटं.

दगडोबा: म्हंजे शेवटच्या रिळासकट?

महामाया: तुमचं तोंड का उतरलं?

दगडोबा: उन्हातून आलो की. धुरपताबाई, पानी द्या जरा.

धुरपताबाई: तांब्या तुमच्या पुढ्यातच हाय.

महामाया: काका, मी शाळेत होते तेव्हापासून तुम्ही सांगत आलात. तंबू टॉकीज, शंकरप्पा मालक, निवृत्ती मशीनवर, आणि पडद्याशेजारी स्टुलावर माइक धरून तुम्ही. तेलुगू सिनेमा, आणि तुम्ही मराठीत सांगणार.

दगडोबा: मंग, खोटं हाय का? तेलुगू मला वीस शब्द येत व्हते. रा म्हंजे ये, पो म्हंजे जा, अन्नम म्हंजे भात. तेवढ्यावर म्या एकशेदहा सिनेमे सांगितले. बाकीचं नटाच्या तोंडाकडं बघून. लोक म्हनायचे, दगडोबा गप बसला तर पिच्चर मुका हाय.

महामाया: आणि शेवटचं रीळ जळकोटला वावटळीनं नेलं.

दगडोबा: नेलंच! तंबूचे सोळा खुंटे उपटले. रीळ उडालं ते हजार फूट, अन् बाभळीला गुंडाळलं. सकाळी ऊन आलं तर जमिनीवर फौजदारनीची सावली नाचून राहिली. लोकांनी दोन दिवस झाडाखाली बसून बघितला पिच्चर. सुतारपक्षी तबला वाजवत व्हता.

महामाया: मागच्या वार्षिक कार्यक्रमात मुलींना सांगितलंत, शेळीनं खाल्लं.

दगडोबा: बाभळीवरून खाली पडल्यावर खाल्लं. दोन्ही खरं हाय. आठ दिवस ती शेळी पाटलाच्या बोकडाला जवळ येऊ देत नव्हती.

धुरपताबाई: हसू नको गं माया. तू हसलीस की त्यांना चेव येतो.

महामाया: मी हसत नाहीये आई. काल मी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. आता मी सांगते तुमच्या शेवटच्या रिळात काय आहे. काका, खाली बसा.

दगडोबा: बसलो.

महामाया: गुंड तिला गोदामात नेऊन खुर्चीला बांधतात. मालगाडीवर उडी मारणारी बाई, आणि एका नायलॉनच्या दोरीनं थंड पडते. मग हिरो येतो. तोच, जो अडीच तास नुसता बागेत गाणी म्हणत होता. तो सगळ्यांना मारतो. ती बसून बघते. तो दोरी सोडतो, आणि सोडल्यावर पहिलं काम काय करतो?

दगडोबा: माये, तो तेलुगू लोकांचा...

महामाया: थोबाडीत मारतो. का, तर त्याला न विचारता एकटी आली. आणि ही फौजदारीण त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडते. शेवटी वर्दी खुंटीला, आणि ती साडी नेसून त्याचा डबा भरतेय.

दगडोबा: भाषा कळाली नसंल तुला. मधी कायतरी कारन असंल.

महामाया: थोबाडीत मारायला भाषा लागत नाही काका. तुमच्या शेवटात ती एकटी गोदामात गेली. बारा जणांना लोळवलं, बाहेर आली, गुडघ्याची माती झटकली आणि चालत निघाली. हे तुम्ही सांगितलंत. आईनं मला झोपताना हेच सांगितलं. हे टी-शर्ट बघा. चव्वेचाळीस आहेत. पाठीवर काय छापलंय?

दगडोबा: चष्मा न्हाई आनला.

महामाया: "ती एकटी गेली." लातूरच्या हॉस्टेलांतल्या पोरी हे घालून रात्री साडेआठला क्लासमधून खोलीवर जातात. मागून मोटरसायकल आली तर हे वाचते त्यांच्या पाठीवर. आज सहा वाजता त्या सगळ्या इथं बसणार, त्यांचे आईबाप गावाकडून येणार, आणि मी त्या चादरीवर त्यांना ती फौजदारीण दाखवणार असं महिनाभर सांगून ठेवलंय. काय दाखवू?

दगडोबा: पेन ड्राइव्ह उंदरानं खाल्ला म्हन.

धुरपताबाई: दगडोबा!

दगडोबा: न्हाई, म्हंजे, मार्ग सांगून राहिलो. तुमी डाळ निवडता त्या दालमिलचे उंदीर काय कमी हायत? एका उंदरानं तर...

महामाया: काका, मी ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत पडले होते, दहावीत. गुडघा सोलला, रक्त आलं, उठवेना. तेव्हा आई कडेला येऊन म्हणाली, फौजदारणीचाही सोलला होता. मी उठले. काल मी अख्ख्या सिनेमात तो गुडघा शोधला. तीनदा मागं नेऊन पाहिलं. नाहीये. वीस जणांना मारते, केस विस्कटत नाहीत. पावसात भिजलेल्या वर्दीत एक गाणं आहे, कॅमेरा तिच्या कमरेवरून उठतच नाही. गुडघा नाहीच.

दगडोबा: गुडघा म्या दिला.

महामाया: काय?

दगडोबा: गुडघा माझा हाय. पडद्यावर ती मालगाडीवरून उतरली की म्या माइकवर म्हनायचो, बघा बायांनो, गुडघा सोलला हिचा, पन बसली का? कनातीपल्याड बायकांच्या बाजूनं "अगं बाई" यायचं. सोललेल्या गुडघ्याला तमाम बाया हळहळायच्या. भाकर बी म्याच खाऊ घातली तिला. पिच्चरमधी ती काय खात न्हाई, नुसती गुरकावती. म्या म्हनलं, उपाशीपोटी बारा जन कसे मारंल? मारामारीच्या आधी तिला भाकर अन् ठेचा.

महामाया: पिक्चरमध्ये तिच्या भावाचा खून होतो, म्हणून ती पेटते.

दगडोबा: ते म्या काढून टाकलं. चाकूरला एका म्हातारीनं कनातीतून वरडून विचारलं, कामून मारती रे ही? म्या म्हनलं, पगार घेती म्हनून! लई टाळ्या पडल्या. अगं, बाईनं हानामारी करायची तर आधी तिचा कोनतरी मेलाच पाहिजे का? गड्याला कोन विचारतं, बाबा तुझा कोन मेला?

महामाया: हे बरोबर बोललात. आणि तेच मला जास्त लागतंय.

दगडोबा: आताच्या पिच्चरचं बी सांगतो. तुझ्या पोरींनी मागल्या महिन्यात दाखवला मोबाइलवर. बाई हळूहळू चालून राहिली, मागं आग, डोळ्यावर काळा चष्मा. म्या म्हनलं, हिच्या जागी एखादा दाढीवाला उभा करा, काय फरक पडतो? ना तिला भूक, ना पाळी, ना घरी लेकरू. गड्याचे कपडे खुंटीवरचे काढले अन् हिला घातले. आधी बाईला बाहुली करायचे, आता बाईला गडी करून राहिले. बाई कुठं हाय त्यात? माझ्या फौजदारनीत व्हती.

महामाया: तुमच्या. हेच तर. तुमच्या. ती बाई नव्हतीच काका. तुम्ही माइकवर फुंकलेला फुगा होता तो. आणि मी त्या फुग्याला गुरू मानून हाडं मोडून घेतली. आईनं तर त्याच्यावर...

धुरपताबाई: माझं सोड.

महामाया: का सोडू? हिनं चाकूरला तुमचा खेळ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याकडं परत जायचं सोडून मला कडेवर घेऊन लातूरची एसटी धरली. एका खोट्या शेवटावर! लातूरला ओळखीचं कुत्रं नव्हतं. दालमिलमध्ये डाळ निवडून बोटं गेली तिची. तुम्हाला हे ठाऊक होतं. दर दिवाळीला फराळाला बसून अभिमानानं सांगता, माझ्या पिच्चरनं धुरपताबाईला बाहेर काढलं. कधी तरी वाटलं का, हिला खरं सांगावं?

दगडोबा: वाटलं. पन लाडू लई गोड असतात तुमच्याकडचे.

महामाया: काका.

दगडोबा: सवय हाय पोरी. जीभ वळतीच तिकडं.

महामाया: मग एकदा सरळ सांगा. रीळ कुठं गेलं? वावटळ नको. शेळी नको.

दगडोबा: देगलूरच्या गोदामात. शंकरप्पाच्या. डब्यात घालून वर विटा ठेवल्या निवृत्तीनं. म्याच ठेवायला लावलं.

महामाया: का?

दगडोबा: जळकोटला पहिला खेळ झाला. तवा पूर्न दाखवला, शेवटासकट. त्या थोबाडीतीला गड्यांच्या बाजूनं शिट्ट्या पडल्या. टोप्या उडवल्या. अन् एक गडी उठला, कनात उचलून बायकांच्या बाजूला गेला. म्हनला, बघितलंस का, अशी ताळ्यावर येती बायको. अन् दिली आपल्या बायकोला तिथंच. कारन काय न्हाई. नुसता पिच्चरचा रंग चढला व्हता.

महामाया: मग?

दगडोबा: मग काय. लोक हसले. खेळ संपला.

महामाया: आणि तुम्ही?

दगडोबा: म्या व्हतो तिथंच. स्टुलावर.

महामाया: काय केलंत?

दगडोबा: पानी हाय का गं अजून?

महामाया: काका, तुम्ही काय केलंत?

दगडोबा: माइक चालू व्हता. म्या म्हनलं, "घ्या मंडळी, तिकीट एक, थोबाडीत दोन!" अन् हसलो. चार भोंगे व्हते तंबूवर. अख्ख्या जळकोटनं ऐकलं. मला वाटलं, लई मजेचं बोललो. तंबू खदखदला ना. मंग कनातीची फट व्हती, तिथून ती बाई दिसली. रडत बी नव्हती. माझ्याकडं बघून राहिली. त्याच्याकडं न्हाई, नवऱ्याकडं. माझ्याकडं. तिच्या मांडीवर लेकरू व्हतं, त्याला काय कळतंय, ते बी भोंग्याकडं बघून राहिलं.

धुरपताबाई: हिरवं टोपडं व्हतं लेकराला.

दगडोबा: हाव, हिरवं... तुमाला कसं ठाऊक?

धुरपताबाई: म्या शिवलं व्हतं.

महामाया: आई?

धुरपताबाई: चुलतीच्या लुगड्याचा तुकडा उरला व्हता. त्याचं शिवलं.

दगडोबा: बाई, तुमी... ती...

धुरपताबाई: हां. मायाच्या बापाचा, पंढरीचा हात जड व्हता. डाव्या कानात दोन महिने शिट्टी वाजत व्हती.

महामाया: म्हणजे तू शेवट पाहिला होतास. आधीच. चाकूरला जायच्या आधी. तुला ठाऊक होतं, ती खुर्चीला बांधलेली असते.

धुरपताबाई: ठाऊक व्हतं.

महामाया: आणि तरी मला रोज रात्री ते सांगितलंस? एकटी गेली म्हणून? यांचं सोड, यांचा धंदाच तो होता. तू? मला वाटत होतं, तू फसलीस. आपण दोघी फसलो. तर तू सगळं माहीत असून मला...

धुरपताबाई: वरडू नको. ऐक. बहिनीच्या बाळंतपनाला चाकूरला गेले व्हते. तिथं परत तोच तंबू. बहिनीची सासू म्हनली, चल. म्या गालावर हात धरूनच बसले. म्हनलं, आता बांधतेल तिला, आता बसंल थोबाडीत. तर मशीन बंद. नुसता पांढरा उजेड पडद्यावर. अन् हे बाबा बोलायला लागले. ती उठली, ती गेली, तिनं दार लोटलं. तोच आवाज. त्याच भोंग्यातून. सगळ्या कनातीत म्या एकलीच व्हते जिला ठाऊक, की हे खोटं हाय.

महामाया: मग निघालीस कशाच्या जोरावर?

धुरपताबाई: वाटलं, हसनाऱ्यातला एक तरी गप झाला. घाबरून की लाजून, काय की. पन झाला. तेवढ्यानं जरा दम आला मला. सकाळी भाऊ जळकोटला पोचवाया निघाला. स्टँडवर त्याला म्हनलं, पान खाऊन ये. अन् लातूरच्या गाडीत बसले.

दगडोबा: बारा-पंधरा वर्सं झाले. गंजगोलाईच्या बाजारात चादरी इकत व्हतो भोंग्यावर. तुमी गर्दीतून आलात, म्हनलात, तंबूवाले दगडोबा ना? घरी या जेवायला. इतके वर्सं भाकर घातली मला. एका शब्दानं बोलला न्हाईत.

धुरपताबाई: वाट बघत व्हते.

दगडोबा: कशाची?

धुरपताबाई: तुमी सांगाल म्हनून. दर दिवाळीला वाटायचं, आज सांगतेल. तुमी वावटळ सांगितली. शेळी सांगितली. एक वर्सी म्हनलात, ते रीळ कलेक्टरनं जप्त केलं. लेकरं हसली, म्या बी हसले. पन जळकोटचं तुमचं हसनं काही तुमी सांगितलं न्हाई. लाडू गोड व्हते म्हनता ना. तुमच्या पानात वाढताना दर वर्सी हात थांबायचा माझा. म्हातारा मानूस म्हनून वाढत गेले.

महामाया: काका, रडू नका. मला आत्ता तुमची कीव करायची नाहीये.

दगडोबा: न्हाई रडत. धूळ हाय इथं. झाडून घेत जा जरा हॉल.

महामाया: आई, मला तरी सांगायचं होतंस.

धुरपताबाई: काय सांगू? तू शाळेतून यायचीस, पोरं बापाचं नाव काढून चिडवायचे. तुला सांगू, तुझ्या बापानं पिच्चर बघून मला मारलं अन् गाव हसलं? तुला झोप लागली असती?

महामाया: आता लागणार नाही. पंचवीस वर्षांची उधारी आज एकदम.

धुरपताबाई: लागंल. माझं ऐकून घे, मंग राग धर. तुझा हक्क हाय.

महामाया: राग आहेच.

दगडोबा: मी एक सांगू का?

महामाया: गोष्ट असेल तर नको.

दगडोबा: गोष्ट न्हाई, तोड सांगतो. दोन तास वीस मिनिटाला ते मशीन बंद कर. चादरीवर नुसता उजेड ठेव. माझा आवाज अजून हाय. म्या सांगतो, चाकूरवानी. ती एकटी जाती. पोरींचे टी-शर्ट खरे राहतेल, आईबाप खूश, तुझी बी अब्रू राहती.

महामाया: आणि आणखी पंचवीस वर्षांनी यातली एखादी पोर माझ्यासमोर मोबाइल घेऊन उभी राहील. हाच. असाच. नको काका. अख्खा दाखवायचा. खुर्ची, दोरी, थोबाडीत, डबा. सगळं.

दगडोबा: पोरींचं मन मोडंल गं.

महामाया: माझं काल मोडलं. आज आलेच ना मी? त्यांना दिसू द्या, बाईला हिरो करतात म्हणजे किती वेळ करतात, आणि कधी काढून घेतात. मग दिवे लावायचे. मग तुम्ही माइक घ्यायचा.

दगडोबा: हां, मंग मी सांगतो ती कशी...

महामाया: जळकोट सांगायचं.

दगडोबा: जळकोट?

महामाया: टोप्या उडाल्या, कनात उचलली, तिकीट एक, थोबाडीत दोन. तुम्ही हसलात ते. मग विटांखालचा डबा. मग चाकूर. याच क्रमानं. एक शब्द जास्त नाही.

दगडोबा: त्या पोरी मला काका म्हनतात, माये. जिन्यात हात धरतात माझा.

महामाया: मीही म्हणते.

दगडोबा: धुरपताबाई, तुमी तरी सांगा हिला. तुमचं नाव निघंल चारचौघांत. पंढरीचं निघंल.

धुरपताबाई: निघू द्या. म्या काय चोरी केली का?

महामाया: आई, तुझी इच्छा नसेल तर नाव घ्यायचं नाही.

धुरपताबाई: घ्या म्हनते ना. त्या टी-शर्टांचं काय करनार हायस?

महामाया: काय करू? पाठीवर खोटं छापलंय. आता उलटे घाला म्हणून सांगते.

धुरपताबाई: खोटं कामून? गेलीच की एकटी.

दगडोबा: एकटी कुठं? लेकरू व्हतं कडंवर.

धुरपताबाई: ते झोपलं व्हतं.

महामाया: एक मला दे त्यातला, आई. मिडियम. आणि एक तुला.

धुरपताबाई: मला कशाला गं या वयात?

महामाया: लुगड्यावरून घाल. काका, माइक तपासून घ्या. ते खालचं बटण. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद.

दगडोबा: मला माइक शिकवून राहिली! ...हॅलो. हॅलो. आवाज फुटतोय. माये, आईबाप येनार गावाकडचे. त्यात जळकोटची बी असतेल दोघं-तिघं. म्या सांगाया लागलो, अन् परत लोक हसले तर?

धुरपताबाई: हसू द्या. तुमी तेवढं हसू नका.